कोळशाच्या खाणींचं ‘ग्रामीण’ डिस्ट्रिक्ट : ईझिंग्टनची ऐंशी वर्षं

तुम्ही विचारलंय : इंग्लंडच्या स्थानिक स्वराज्य संस्थांबद्दल वाचताना ‘ईझिंग्टन रूरल डिस्ट्रिक्ट’ हे नाव सारखं समोर येतं. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा की तालुका? तिथे तर जिकडेतिकडे कोळशाच्या खाणी, मग ते ‘ग्रामीण’ कसं? पीटरली हे नवं शहर याच परिषदेने वसवलं, हे खरं का? आणि एवढं काम केलेली संस्था १९७४ मध्ये बंद का केली?

मी नगररचनाकार आहे. कामाची बरीच वर्षं इंग्लंडच्या ईशान्य भागात गेली. डरहम काउंटीचा हा पूर्व किनारा मी पायी हिंडलो आहे आणि त्याची जुनी दप्तरंही चाळली आहेत. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. इंग्लंडमध्ये आपल्या जिल्ह्याच्या जागी असते ती काउंटी. रूरल डिस्ट्रिक्ट त्याच्या खालचं, साधारण आपल्या तालुक्याएवढं. त्याच्याही खाली पॅरिश, म्हणजे गाव. ३०० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या गावाला निवडून आलेली पॅरिश परिषद. त्याहून लहान गावाला नुसती गावसभा. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी उतरंड झाली, ती डोळ्यांसमोर ठेवली तर रूरल डिस्ट्रिक्ट परिषदेची जागा पंचायत समितीची. पण साम्य इथेच संपतं. पंचायत समितीचा गटविकास अधिकारी राज्य शासनाचा माणूस असतो आणि पैसा बहुतेक वरून येतो. रूरल डिस्ट्रिक्ट परिषद आपला खर्च मुख्यतः घरपट्टीतून भागवायची आणि आपले अधिकारी स्वतः नेमायची : कारकून (तिथे हा सर्वांत वरचा अधिकारी), सर्व्हेअर (रस्ते, गटारं, इमारती पाहणारा), आरोग्य अधिकारी, स्वच्छता निरीक्षक. सर्व्हेअर परिषदेचा स्वतःचा माणूस होता, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आता ‘ग्रामीण’ कसं, याकडे येतो. इथेच बहुतेक जण चकतात.

रूरल डिस्ट्रिक्टचं मूळ गरिबांच्या कायद्यात आहे. १८३४ च्या कायद्याने शेजारशेजारच्या पॅरिशेस एकत्र करून ‘युनियन’ केल्या. प्रत्येक युनियनला एक वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन काम करून घेणारं घर, आणि कारभार पाहायला गार्डियन मंडळ. ईझिंग्टनचं युनियन १८३७ चं. पुढे १८७२ मध्ये सार्वजनिक आरोग्याची, म्हणजे पाणी, गटार आणि मैल्याची जबाबदारी देशभर कुणावर तरी टाकायची वेळ आली, तेव्हा शहरांना आपापली मंडळं होती. ती शहरं वजा करून युनियनचा जो भाग उरला, त्याला ‘रूरल सॅनिटरी डिस्ट्रिक्ट’ म्हटलं आणि ते काम त्याच गार्डियनांच्या गळ्यात घातलं. १८९४ च्या स्थानिक शासन कायद्याने त्यांच्या जागी निवडून आलेल्या रूरल डिस्ट्रिक्ट परिषदा आणल्या. म्हणजे ‘रूरल’ या शब्दाचा शेताशी किंवा गुराढोरांशी थेट संबंध नव्हता. शहर म्हणून ज्याची वेगळी नोंद झालेली नाही, असं उरलेलं सगळं ते रूरल. ईझिंग्टनच्या टापूत बंदराचं गाव सीहॅम हार्बर तेवढं अर्बन डिस्ट्रिक्ट म्हणून वेगळं निघालं. बाकी सगळं कागदोपत्री ग्रामीण राहिलं.

जमिनीवर मात्र वेगळंच घडत होतं. पूर्व डरहममध्ये कोळसा आहे, पण त्यावर चुनखडीचा जाड थर आहे. या थराखाली चांगला कोळसा नसणारच, असं जुने लोक धरून चालायचे. १८२० च्या सुमारास हेटनला शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, खोदला, चुनखडी फोडली आणि खाली कोळसा लागला. मग १८३० च्या दशकात साउथ हेटन, हॅसवेल, थॉर्नली, विंगेट अशा खाणी एकामागून एक निघाल्या. हॅसवेलला २८ सप्टेंबर १८४४ रोजी स्फोट होऊन ९५ जण गेले. त्याच्या चौकशीला सरकारने मायकेल फॅरडे आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना पाठवलं होतं. स्फोट एवढा पसरण्यात कोळशाच्या धुळीचा वाटा आहे, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं. त्या काळचे दोन मोठे वैज्ञानिक ज्या गावात खाली उतरून पाहून गेले, त्या गावाला पुढे पन्नास वर्षांनीही कायद्याने ‘ग्रामीण’च ठरवलं.

किनाऱ्यालगतचा कोळसा सर्वांत खोल आणि सर्वांत अवघड. ईझिंग्टन कॉलियरीचा (कॉलियरी म्हणजे कोळशाची खाण; तिच्याभोवतीच्या वस्तीलाही हेच नाव) शाफ्ट १८९९ मध्ये सुरू झाला, पण चुनखडीतलं पाणी आवरेना. जमीन गोठवून खोदायची जर्मन पद्धत आणावी लागली. कोळसा हाती आला तो थेट १९१० मध्ये. हॉर्डनचं खोदकाम १९०० चं, ब्लॅकहॉलचं १९०९ चं. म्हणजे रूरल डिस्ट्रिक्ट परिषद स्थापन झाली तेव्हा हॉर्डन म्हणजे थोडी शेतघरं होती. वीस वर्षांत तिथे हजारोंची वस्ती झाली. कंपनीने बांधलेल्या विटांच्या चाळी, रांगेमागे रांग. हॉर्डनमध्ये गल्ल्यांना नावंसुद्धा दिली नाहीत : पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असे तेराव्यापर्यंत आकडे. ईझिंग्टन कॉलियरीत इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं लावली, त्यामुळे लोक आजही ‘ए’च्या गल्ल्या, ‘बी’च्या गल्ल्या म्हणतात. घर कंपनीचं असायचं. नोकरी गेली की घरही गेलं.

आणि या चाळींच्या मागच्या अंगणात संडास. आपल्याकडच्या जुन्या टोपली संडासाच्या जातीचे, चुलीतली राख टाकायचे. तिकडच्या बोलीत त्याला ‘नेटी’ म्हणतात. मागच्या गल्लीतून गाडी येऊन मैला उचलून न्यायची. या प्रश्नाशी ही परिषद किती वर्षं झुंजली, हे कळल्याशिवाय तिचं मोठेपण कळत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात रूरल भागासाठी खर्चाचे दोन प्रकार होते. पगार, कचेरी वगैरे ‘सर्वसाधारण’ खर्च साऱ्या डिस्ट्रिक्टवर वाटला जायचा. गटार आणि पाणी मात्र ‘विशेष’ खर्चात. ज्या पॅरिशसाठी गटार, त्याच पॅरिशच्या घरपट्टीतून त्याचा पैसा. शहरात असं नसतं. तिथे बाजारपेठेतल्या दुकानांच्या पट्टीवर गरीब वस्तीचं गटारही निघतं. पण ज्या गावात खाण आणि चाळी एवढंच आहे, तिथे गटार घालायचं म्हटलं की बोजा पडणार खाण कंपनीवर आणि मजुरांवर. कंपनीला तो नको असायचा आणि मजुराला झेपायचा नाही. शेजारच्या शेतकरी पॅरिशला तर आपला पैसा हॉर्डनच्या मैल्यासाठी जाऊ नये असंच वाटणार. त्यातून रूरल परिषदेला शहरी अधिकार आपोआप मिळत नसत. रस्त्यांसंबंधीचा किंवा इमारतींसंबंधीचा एखादा शहरी अधिकार हवा असेल तर लंडनला अर्ज करून तेवढाच मागून घ्यावा लागायचा. १९२९ च्या कायद्यानंतर असा खर्च डिस्ट्रिक्टभर पसरवायची मुभा आली, तेव्हा कुठे हात मोकळे झाले. त्याच कायद्याने १९३० मध्ये रस्ते काउंटीकडे गेले आणि गार्डियन मंडळं बरखास्त झाली.

मग यांनी अर्बन डिस्ट्रिक्टचा दर्जा मागून का घेतला नाही? काउंटी परिषदेला तो देता येत होता. माझं मत असं : एका शहराला लागतो तसा मध्य तिथे नव्हताच. मर्टन, साउथ हेटन, शॉटन, थॉर्नली, व्हीटली हिल, विंगेट, ईझिंग्टन, हॉर्डन, ब्लॅकहॉल, प्रत्येक गाव आपापल्या शाफ्टभोवती. मधे शेतं, खोल दऱ्या आणि वॅगनची रूळवाट. अनेक नगरपालिकांपेक्षा जास्त लोक इथे राहत होते, पण सगळ्यांची म्हणावी अशी एक पेठ नव्हती, धड मोठं दुकान नव्हतं, बायकांना करायला काम नव्हतं. अशा टापूला शहर म्हणणंही चुकीचं आणि गाव म्हणणंही. इंग्रजी कायद्याकडे तिसरा शब्द नव्हता.

आता माणसांकडे वळतो. १८९४ च्या कायद्याची खरी ताकद शीर्षकात दिसत नाही. त्याआधी गार्डियनांच्या निवडणुकीत ज्याची मालमत्ता जास्त त्याला जास्त मतं, एकेकाला बारापर्यंत. शिवाय स्थानिक मॅजिस्ट्रेट हुद्द्यानेच मंडळावर. १८९४ ने हे सगळं मोडलं : एका माणसाला एक मत, उमेदवारीला मालमत्तेची अट नाही, आणि बायकांना, लग्न झालेल्यांनासुद्धा, मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क. शिवाय रूरल भागात निवडून आलेला सदस्यच आपल्या पॅरिशचा गार्डियन. म्हणजे खाणीत राबणारा माणूस एकाच मतपेटीतून गटारांच्या सभेतही पोचला आणि गरिबांच्या मदतीच्या सभेतही. १९२६ मध्ये खाणमालकांनी केलेल्या टाळेबंदीत हे किती मोलाचं आणि किती जोखमीचं होतं ते दिसलं. याच काउंटीतल्या चेस्टर-ले-स्ट्रीट युनियनचं गार्डियन मंडळ संपकऱ्यांच्या कुटुंबांना हात सैल सोडून मदत करतं म्हणून सरकारने बाजूला सारलं आणि आपली माणसं बसवली.

या दारातून आलेल्यांत पीटर ली होते. जन्म १८६४ चा, ट्रिमडन ग्रेंजजवळच्या खाणमजुरांच्या वस्तीतला. दहाव्या वर्षी खाणीत. विशीत आल्यावर नेटाने वाचायला लिहायला शिकले. अमेरिकेच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत काम करून परतले आणि व्हीटली हिलला ‘चेकवेमन’ झाले. मजुराने भरलेल्या कोळशाचं वजन मालकाकडे बरोबर धरलं जातं की नाही, हे पाहायला मजुरांनी स्वतःच्या पैशाने नेमलेला तो माणूस. चेकवेमनचं सगळं काम विश्वासावर चालायचं, म्हणून निवडणुकीत लोक आधी त्यालाच पुढे करत. ली प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशकही होते. पॅरिश परिषद, रूरल डिस्ट्रिक्ट, मग काउंटी, अशी त्यांची चढण. दिवे, पाणी, गटार, दफनभूमी यांसाठी व्हीटली हिलच्या पॅरिश परिषदेत त्यांनी जी चिकाटी धरली, तीच पुढे काउंटीच्या पाणीयोजनेत. १९१९ मध्ये डरहम ही मजूर पक्षाच्या हातात आलेली देशातली पहिली काउंटी परिषद ठरली आणि अध्यक्ष झाले ली. १९३५ मध्ये ते वारले.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. इंग्रजी स्थानिक शासनाचा इतिहास खंडामागून खंड लिहिणारे सिडनी वेब १९२२ ते १९२९ याच टापूचे, सीहॅम मतदारसंघाचे, खासदार होते. त्यांच्यानंतर पंतप्रधान रॅमसे मॅकडोनल्ड. १९३५ मध्ये मॅकडोनल्डना हरवून आले इमॅन्युएल शिनवेल, आणि खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचं विधेयक मंत्री म्हणून त्यांनीच नेलं. १ जानेवारी १९४७ ला खाणी सरकारी झाल्या. पॅरिशच्या गटारापासून देशाच्या मंत्रिमंडळापर्यंत असा सलग धागा मला दुसऱ्या कुठल्या रूरल डिस्ट्रिक्टमध्ये दिसलेला नाही.

आता पीटरलीचा प्रश्न. थोडक्यात उत्तर : कल्पना परिषदेची, बांधणी तिची नव्हे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा परिषदेपुढे घरांचा डोंगर होता. जुन्या चाळी पाडण्याच्या लायकीच्या, आणि राहायला माणसं भरपूर. सरळ मार्ग असा की प्रत्येक खाणगावाला पन्नास-शंभर घरं जोडायची. सगळ्या परिषदा तेच करत होत्या. ईझिंग्टनचे इंजिनिअर आणि सर्व्हेअर सी. डब्ल्यू. क्लार्क यांनी वेगळा हिशोब मांडला. घरं सुटी सुटी वाटली तर पुढची शंभर वर्षंही या लोकांना धड बाजार, नाटकगृह, दवाखाना, बायकांसाठी कारखाना यातलं काही मिळणार नाही. तीच घरं एका जागी बांधली तर त्यातून शहर उभं राहील. त्यांचा अहवाल १९४६ चा, नाव ‘फेअरवेल स्क्वॉलर’, म्हणजे बकालीला निरोप. त्या शहराला पीटर लींचं नाव द्यायची सूचनाही त्यातलीच.

मी तो अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा हललो होतो. आपल्या कामात अहवाल कसे असतात ते तुम्हाला ठाऊक असेल : तक्ते, परिशिष्टं, ‘असे प्रस्तावित आहे’. क्लार्कनी एकोणिसाव्या शतकाच्या बकालपणाबद्दल सात्त्विक संतापाने लिहिलंय. रोज त्याच मागच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या, कुठल्या घरात किती माणसं कोंबलीत हे तोंडपाठ असलेल्या सर्व्हेअरची ती भाषा आहे. लंडनहून आलेल्या तज्ज्ञाला ती सुचली नसती.

१९४६ मध्येच नवनगरांचा कायदा झाला. त्याखाली निवडलेली पहिली नगरं बहुतेक लंडनची गर्दी बाहेर काढण्यासाठी होती, आणि स्टीव्हनेजसारख्या ठिकाणी स्थानिकांनी जोरदार विरोध केला. ईझिंग्टनच्या लोकांनी मात्र शहर स्वतःहून मागितलं. त्यांचं शिष्टमंडळ लंडनला मंत्री लुईस सिल्किन यांच्यापर्यंत गेलं. मार्च १९४८ मध्ये पीटरली जाहीर झालं, जागा हॉर्डन, ईझिंग्टन आणि शॉटन यांच्या मधली, कॅसल ईडन डीन या रानदरीच्या काठावरची.

पण कायद्याची रचना अशी की शहर बांधणार सरकारने नेमलेलं विकास महामंडळ. जमीन त्याची, आराखडा त्याचा, घरं त्याची. मागणी करणारी परिषद आपल्याच हद्दीत पाहुणी झाली. मराठी वाचकाला हे सोपं जाईल. आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यात नवनगर विकास प्राधिकरणाचं प्रकरण आहे, आणि नवी मुंबईसाठी सिडको त्याच वाटेने आली. तिथल्या ग्रामपंचायतींची आणि सिडकोची जी ओढाताण आपण पाहिली, तिचा जुना नमुना इंग्रजी नवनगरांत सापडतो.

त्याच सुमाराला दुसरा घाव बसला. १९४७ च्या नियोजन कायद्याने जुलै १९४८ पासून नियोजनाचे अधिकार काउंटीकडे गेले. क्लार्कचा अहवाल फक्त एका शहराचा नव्हता, साऱ्या डिस्ट्रिक्टच्या पुनर्रचनेचा होता. तो अंमलात आणायची वेळ आली तेव्हा परिषदेच्या हाती नियोजन उरलंच नव्हतं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. ज्यांनी प्रश्न नीट मोजला, त्यांच्याच हातून उत्तर काढून घेतलं.

महामंडळाच्या पहिल्या अध्यक्ष मोनिका फेल्टन. वर्षभराने त्या स्टीव्हनेजला गेल्या, १९५१ मध्ये उत्तर कोरियाला जाऊन आल्या म्हणून पद गेलं, आणि पुढे त्या मद्रासला येऊन राहिल्या, १९७० मध्ये तिथेच वारल्या. वास्तुरचनाकार म्हणून आले बर्थोल्ड लुबेत्किन, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला पेंग्विनांचा तलाव आणि फिन्सबरीचं आरोग्य केंद्र बांधणारे. त्यांच्या मनात दाटीचं, उंच इमारतींचं, भरघोस मध्य असलेलं खाणकामगारांचं शहर होतं. पण खाली कोळसा होता, आणि नव्याने झालेल्या राष्ट्रीय कोळसा मंडळाला तो काढायचा होता. कोळसा काढला की वरची जमीन खचते. मंडळाचं म्हणणं, बुटकी घरं बांधा, तीही विखरून आणि आम्ही सांगू तिथेच. कामगारांच्या नावाने सरकारी झालेली खाण कामगारांच्याच शहराच्या आड आली. दोन सरकारी संस्थांच्या या भांडणात दोन वर्षं गेली, आणि १९५० मध्ये लुबेत्किन राजीनामा देऊन निघून गेले. त्यांच्यानंतर ग्रेनफेल बेन्स यांनी साधा, पसरट आराखडा केला. १९५५ पासून चित्रकार व्हिक्टर पास्मोर सल्लागार म्हणून आले. त्यांच्या सनी ब्लंट्स वस्तीच्या सपाट छपरांनी पुढे गळून लोकांना छळलं. तिथलंच त्यांचं काँक्रीटचं अपोलो पॅव्हिलियन १९६९ चं, चांद्रमोहिमेचं नाव दिलेलं. अनेक वर्षं लोकांनी ते पाडायची मागणी केली; २०११ मध्ये त्याला वारसावास्तूचा दर्जा मिळाला. वस्ती आणि पॅव्हिलियन दोन्ही पाहिल्यावर माझा कौल स्पष्ट आहे : पॅव्हिलियन राखलं ते बरं झालं, पण छपरं गळत असलेल्या बाईचा राग त्याहून आधी ऐकायला हवा होता.

जुन्या गावांचं काय झालं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं. १९५१ च्या काउंटी विकास आराखड्याने गावांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावली. ‘ड’ वर्गातल्या ११४ गावांत नवीन घर नाही, नवीन सोय नाही. असलेली घरं पडेपर्यंत वापरायची, मग माणसं पीटरलीसारख्या ठिकाणी हलवायची. क्लार्कची मूळ कल्पना अशी की गावं राहतील आणि त्यांना सगळ्यांची मिळून एक पेठ मिळेल. काउंटीच्या हातात तिला गाव पुसण्याची धार आली. हे धोरण १९७७ मध्ये सोडलं, तोवर काही गावं नकाशावरून गेली होती. ज्यांनी आपलं गाव वाचवलं त्यांना ‘ड’ हे अक्षर आजही बोचतं.

त्याच १९५१ मध्ये, २९ मेच्या पहाटे, ईझिंग्टन कॉलियरीत स्फोट झाला. खाली असलेले ८१ जण आणि त्यांना काढायला उतरलेले दोन, मिळून ८३ माणसं गेली. खाण १९९३ मध्ये बंद झाली. खाणीच्या जागी आता गवत आहे आणि वर टेकाडावर पाळणा उभा केला आहे, ज्यातून माणसं खाली जात तो लोखंडी पिंजरा. तिथून समुद्र दिसतो. याच किनाऱ्यावर खाणींचा कचरा वर्षानुवर्षं ओतला गेला. खाणी गेल्यावर लाखो टन उचलून तो साफ केला.

राहिला शेवटचा प्रश्न, बंद का केलं. एकट्या ईझिंग्टनला बंद केलं नाही; १९७२ च्या कायद्याने १ एप्रिल १९७४ पासून देशातली सगळीच रूरल आणि अर्बन डिस्ट्रिक्ट्स गेली. त्याआधी स्थानिक शासनाचा विचार करायला नेमलेल्या रेडक्लिफ-मॉड आयोगाने १९६९ मध्ये म्हटलं होतं की शहर आणि भोवतालचा मुलूख यांचा कारभार वेगळा ठेवणं कालबाह्य झालंय. बहुतेक देशात एकाच पातळीची मोठी प्राधिकरणं हवीत. १९७० मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारने दोन पातळ्या ठेवल्या, पण शहर आणि ग्रामीण हा भेद मोडला. ईझिंग्टनपुरता हा निर्णय मला रास्त वाटतो. तो भेद इथे पहिल्या दिवसापासूनच खोटा होता. थोडा भाग वगळता ईझिंग्टन रूरल डिस्ट्रिक्ट आणि सीहॅम अर्बन डिस्ट्रिक्ट यांचं मिळून ‘ईझिंग्टन डिस्ट्रिक्ट’ झालं. १८९४ मध्ये वेगळं काढलेलं बंदर ऐंशी वर्षांनी परत घरी आलं. महामंडळाची भाड्याची घरंही पुढे याच नव्या परिषदेकडे आली, म्हणजे पीटरली मागणाऱ्यांच्या वारसांकडे. २००९ मध्ये मात्र ही परिषदही गेली आणि सगळा कारभार डरहम काउंटी परिषदेत विलीन झाला. हा दुसरा निर्णय मला पटलेला नाही. एवढ्या मोठ्या काउंटीच्या कचेरीतून हॉर्डनची तेरावी गल्ली दिसत नाही.

तुम्ही प्रबंधासाठी दप्तरं पाहणार असाल तर नावांचा गोंधळ आधी निस्तरा. ‘ईझिंग्टन’ नावाचा डरहम काउंटीच्या जुन्या चार वॉर्डांपैकी (म्हणजे विभागांपैकी) एक वॉर्ड होता. जन्ममृत्यू नोंदणीचा एक डिस्ट्रिक्ट होता. १८३७ चं युनियन, १८९४ चं रूरल डिस्ट्रिक्ट, १९७४ चं डिस्ट्रिक्ट आणि संसदेचा मतदारसंघ, यांच्या हद्दी एकच आहेत असं धरून चालू नका. शिवाय यॉर्कशरच्या किनाऱ्यावर ईझिंग्टन नावाचं वेगळंच गाव आहे, तिथले कागद यात मिसळू देऊ नका. लोकसंख्येचा कुठलाही आकडा घेताना तो यांपैकी कुठल्या ईझिंग्टनचा, ते शेजारी लिहून ठेवा. मी हे न केल्याने एकदा दोन महिन्यांचं काम पुन्हा केलंय.

परिषदेच्या सभांची इतिवृत्तं वाचायच्या आधी आरोग्य अधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल घ्या. सभेत काय ठरलं ते इतिवृत्तात असतं. त्या वर्षी किती राखेचे संडास पाण्याचे झाले, कुठल्या गल्लीत किती मुलं दगावली, ते या अहवालांत असतं. असे दहा वर्षांचे तक्ते क्रमाने वाचून मग क्लार्कचा १९४६ चा अहवाल उघडा.